मादीच्या ओळीतला नर

जालन्यात ज्याची हयात बियाण्यात गेली, त्याला एक गोष्ट कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. सगळं बियाण्यातच असतं. पाऊस, खत, मजुरी, भाव यांचं पुढं काय व्हायचं ते होवो. झाड कोण होणार आणि कसं होणार, हे पिशवीचं तोंड शिवलं तेव्हाच ठरलेलं असतं. हे माझं नुसतं मत नव्हतं. त्यावर माझं घर चाललं, पोरांची शिक्षणं झाली. आज मी ते मत धरून नाही. ते सुटलं एका वीतभर लांबीच्या माशामुळे, आणि तोही समुद्रातला, बाजारात कुणी न विचारणारा. आमच्याकडं कुंडलिका नदीला बारमाही पाणी नाही, समुद्र तर नकाशातच. अशा मुलखातल्या माणसाचं मत समुद्रातल्या माशानं कसं बदललं, हे सविस्तर सांगायला हवं.

आधी मी कुठल्या मातीतून बोलतो ते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. मागोमाग इतर कंपन्या आल्या, आणि जालना, भोकरदन, जाफराबाद, शेजारच्या बुलढाण्यातलं देऊळगाव राजा या पट्ट्यात 'सीड प्लॉट' हा शब्द चुलीपर्यंत पोचला. मी एका कंपनीत प्रॉडक्शनला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कपाशीच्या प्लॉटवर संध्याकाळी बायका उद्या उमलणारी कळी हेरतात. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसराची नळी अलगद सोलून काढतात. आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून त्याचा पराग त्यावर फिरवायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. बाजरीला आणि ज्वारीला एवढं हातकाम नाही. तिथं मादी वाण मुळातच नरवंध्य असतो. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, पुन्हा चार मादीच्या. फुलोऱ्यात मी त्या ओळींतून फिरायचो ते मादीच्या ओळीत पराग सोडणारं एखादं कणीस दिसतं का ते बघायला. दिसलं की ते झाड मुळासकट उपटायचं. त्याला आम्ही भेसळ काढणं म्हणतो. अशी झाडं राहून गेली की पुढं बियाणं पेरून शुद्धता तपासतात त्या ग्रो-आउट टेस्टमध्ये माल नापास होतो आणि शेतकऱ्याचा सगळा हंगाम वाया जातो. मादीच्या ओळीत नर म्हणजे भेसळ, यापलीकडं मला त्यात काही दिसत नव्हतं.

हा हिशोब मी शेताबाहेरही नेला होता. सोयरीक जुळवताना घराणं बघायचं, पोरगं कसं निघेल ते बापावरून सांगायचं, खाण तशी माती म्हणायचं. आणि निसर्ग वाचवण्याबद्दल कुणी बोललं की माझं उत्तर ठरलेलं होतं: त्या जातीचं बियाणं नीट वाळवा, हवाबंद करा, थंडीत ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणं उणे १८ अंशांवर राहतं. नॉर्वेनं २००८ साली स्वालबार्डच्या बर्फाळ डोंगरात जगभरच्या बियाण्यांचं कोठार उघडलं, तेव्हा मला घरचं कार्य झाल्यासारखा आनंद झाला होता. बियाणं शाबूत तर जात शाबूत. मग अभयारण्याच्या नावाखाली जमीन आणि पाणी अडवून तिथल्या लोकांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, असं मी उघड म्हणायचो.

माझी पुतणी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. ती माझ्याशी याच मुद्द्यावर वाद घालायची. "काका, तुमचं बियाणं पिशवीत झोपून राहतं. मासा पिशवीत राहत नाही," असं एकदा दिवाळीत म्हणाली. मला ते उत्तर वाटलं नाही. माशाचं वीर्यही गोठवून ठेवतात, हे मी वाचलं होतं.

त्यानंतर डिसेंबरात आम्ही सगळे मालवणला गेलो. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर खाली बसतो, पाणी निवळतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जिथं खडक पाण्याखाली पसरलेत, तिथं होडी थांबली. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. खारं पाणी, लाट, डोळ्यांवरचा चष्मा आणि तोंडातली नळी हे सगळं नवं होतं. होडीवाल्यानं विचारलं, "खयसून ईलात?" जालन्याहून म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं आणि कमरेच्या पट्ट्याची गाठ स्वतः पुन्हा आवळली.

पाण्यात तोंड घातलं. मालवणला चित्रातल्यासारखी प्रवाळांची बाग नाही. काळे खडक आहेत आणि त्यांवर ठिकठिकाणी प्रवाळ थापल्यासारखे, गोळ्या-गोळ्यांनी वाढलेले आहेत. त्या खडकांच्या कडेनं एक मासा चालला होता. अंग हिरवं, जवळजवळ प्रत्येक खवल्यावर जांभळट उभी रेघ, डोक्यावर वळणावळणाचे गुलाबी पट्टे. शेपूट चंद्रकोरीच्या आकाराचं आणि कोरीच्या पोटात पिवळा रंग. चालताना मात्र शेपूट हलतच नव्हतं. कल्ल्यामागचे दोन पर वल्ह्यांसारखे वरखाली होत होते, आणि मासा त्यांवरच पुढं सरकायचा, थबकायचा, वळायचा, फटीत तोंड घालून काहीतरी उचलायचा. शेपूट त्यानं एकदाच वापरलं: मागून दुसरा मासा आला तेव्हा, आणि मग तो दिसेनासाच झाला. तो मागून आलेला मासा मोठा होता आणि त्याचं डोकं, छाती निळसर झालेली होती. बाकीच्या हिरव्यांच्या मधून तो सारखा फेऱ्या मारत होता. एकाला हुसकव, दुसऱ्याच्या अंगावर जा, परत मधे ये. सीड प्लॉटवर उभं राहून ओळी बघायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तिथं एक मांडणी दिसली. तेवढ्यात शेजारच्या एका होडीतून कुणीतरी ब्रेडचे तुकडे टाकले. मासे चारी बाजूंनी वर धावले आणि ती मांडणी विस्कटून गेली. पुतणी नळी काढून त्या होडीवर ओरडली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

होडीत आल्यावर होडीवाला म्हणाला, "ह्यो खडपातलो मासो. बाजारात ह्येका कोण इचारणा नाय." पुतणीनं नाव सांगितलं: मून रॅस, शास्त्रात थॅलासोमा लुनारे. लाल समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या मधल्या बेटांपर्यंत हा उष्ण पाण्यातल्या खडकांवर आणि प्रवाळांवर राहतो, बहुधा वीसेक मीटर खोलीच्या आत. दिवसा खडकावरचे लहान खेकडे, किडे, दुसऱ्या माशांची अंडी शोधत फिरतो. अंधार पडला की फटीत शिरून झोपतो. रॅस या कुळात जगभर पाचशेहून जास्त जाती आहेत. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि तो निळा दिसला ना, काका, तो नर. तो आधी मादी असण्याची शक्यता बरीच आहे."

मी म्हणालो, असं होत नसतं. दिसण्यात फरक पडेल, पण मादी ती मादी. तिनं वाद घातला नाही. घरी परतल्यावर मला वाचायला एकेक पाठवत गेली, आणि पुढचा हिवाळाभर मी तेच वाचत होतो.

पहिला धक्का १९७२ सालच्या एका कामानं दिला. डी. रॉस रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर, हेरॉन बेटाजवळ, याच कुळातल्या एका बोटभर माशाचा अभ्यास केला होता. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे, तोंडातले परजीवी किडे खाऊन पोट भरतो. एका नराभोवती चार-सहा माद्या असतात आणि त्यांच्यात मोठी-धाकटी असा पक्का क्रम असतो. नर मेला की काही तासांच्या आतच सगळ्यात मोठी मादी नरासारखी हद्दीवर फिरू लागते, इतर माद्यांसमोर नराच्या हालचाली करू लागते. दोन-अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात वीर्य तयार होतं. आणि शेजारचा एखादा नर त्या सुरुवातीच्या वेळात हद्दीत घुसून ताबा घेऊ शकला, तर ती मादीच राहते. हे वाक्य मी परत परत वाचलं. तेच शरीर, तेच बियाणं. ती नर होणार की मादी राहणार, हे त्या दुपारी शेजारचा कोण आला आणि कोण नाही यावर ठरलं.

मग मालवणच्या माशाचा जवळचा भाऊबंद आला: कॅरिबियन समुद्रातला निळ्या डोक्याचा रॅस. याच्यावर जेवढं काम झालं तेवढं फार थोड्या माशांवर झालं असेल. मोठा नर काढून घेतला की सगळ्यात मोठ्या मादीचं वागणं मिनिटा-तासांत बदलतं, रंग काही दिवसांत, आणि आठ-दहा दिवसांत अंडाशयाच्या जागी वृषण झालेलं असतं. मला वाटत होतं, आत काहीतरी बदल होत असणार आणि त्यानं वागणं बदलत असणार. जॉन गॉडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हे तपासलं. त्यांनी माद्यांचे अंडाशयच काढून टाकले, आणि मग त्यांना मोठ्या नराविना ठेवलं. त्या माद्या तरीही नरासारख्या वागू लागल्या, दुसऱ्या माद्यांना रिझवू लागल्या. म्हणजे सुरुवात शरीराच्या त्या भागातून होतच नाही. भोवती कोण आहे हे ती बघते, आणि शरीर मागून येतं.

इथं माझ्यातला बियाणंवाला उभा राहिला. बदलण्याची ताकद तरी बियाण्यातच आहे ना? पुतणीनं मान्य केलं, आहे. पण तिनं २०१९ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी केलेलं काम पुढं ठेवलं. त्यात दिसतं की नर नाहीसा झाल्यावर माशाच्या शरीरात ताणाचं संप्रेरक वाढतं. मादीपण टिकवणारं एक जनुक बंद पडतं, नरपणाची जनुकं जागी होतात, आणि डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसून नव्यानं लिहिल्या जातात. डीएनएचं अक्षर एकही बदलत नाही. कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं, एवढंच बदलतं. बियाण्यात दोन्ही पानं आहेत, हे मी मान्य केलं. पण मी आयुष्यभर बियाण्याला निकाल समजत आलो होतो, आणि इथं निकाल बियाण्याच्या बाहेर लागत होता.

मला शेवटचा आधार होता तो जन्मजात नरांचा. मालवणचा चंद्रकोरी मासा काय किंवा कॅरिबियनचा निळ्या डोक्याचा काय, दोघांतही काही मासे सुरुवातीपासूनच नर असतात; दिसतात मात्र अगदी माद्यांसारखे, आणि घोळक्यानं अंडी फळवतात. हे तरी बियाण्यानं ठरत असेल, असं मी पुतणीला म्हणालो. तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी पिल्लं वेगवेगळी वाढवून बघितली होती. एकेकटी वाढलेली मादी झाली. गटात वाढलेल्यांपैकी काही सुरुवातीपासूनच नर झाली. तिथंही संगतच.

हे वाचत असताना मला आमच्याच काकडीची आठवण झाली, आणि ती आठवण माशापेक्षाही जास्त बोचली. काकडीचे काही वाण असे असतात की त्यांना फक्त मादी फुलं येतात. संकरित बियाण्यासाठी ते फार सोयीचे. कळ्या खुडाव्या लागत नाहीत. पण त्या वाणाचं स्वतःचं बी टिकवायचं तर त्याला नर फूल हवं. मग रोप लहान असताना सिल्व्हर नायट्रेट किंवा जिबरेलिक ॲसिड फवारायचं. थोड्याच दिवसांत त्या शंभर टक्के मादी वेलाला नर फुलं लागतात. उलट भोपळावर्गातल्या वेलांवर इथ्रेल फवारलं की मादी फुलं वाढतात. हे काम मी स्वतः करून घेतलं आहे. नर पपईच्या झाडाला एखाद्या हंगामात लांब देठाची फळं धरलेलीही मी पाहिली आहेत, आमच्या भागातल्या कुठल्याही बागायतदारानं पाहिली असतील. पण काकडीत औषधानं झालं म्हणून आणि पपईत अपवाद म्हणून, मी ते कधी हिशोबात धरलंच नाही. औषध बाहेरून घातलेलं होतं हे खरं. पण त्या औषधाला होकार देणारी व्यवस्था वेलाच्या आतच होती, आणि रानात तोच होकार ऊन, थंडी, दिवसाची लांबी मागत असतात. माशाला कुणी फवारत नाही. त्याला शेजार पुरतो.

तरीही थंड खोलीवरचा माझा विश्वास इथपर्यंत टिकून होता. नर-मादीचा खेळ कसाही असो, बियाणं गोठवून ठेवलं आणि पुढं पाण्यात सोडलं तर ते पुन्हा आपला खेळ मांडेल, असं मला वाटायचं. तो विश्वास मोडला रॉबर्ट वॉर्नर यांनी १९८८ साली 'नेचर'मध्ये लिहिलेल्या कामानं. ते पनामाच्या सान ब्लास भागात निळ्या डोक्याच्या रॅसकडं वर्षानुवर्षं बघत होते. हे मासे खडकावरच्या ठरावीक जागांवर अंडी घालायला येतात. या जागा बारा वर्षं तशाच राहिल्या. एवढ्या काळात माशांच्या चार पिढ्या होऊन गेल्या, मासे सगळे बदलले, जागा त्याच. वॉर्नर यांना शंका आली की जागाच चांगल्या असतील. म्हणून त्यांनी काही खडकांवरचे सगळे मासे उचलले आणि दुसरीकडून त्याच जातीचे मासे आणून सोडले. नव्यांनी वेगळ्या जागा धरल्या, आणि मग त्याही तशाच टिकल्या. म्हणजे जागा चांगली होती म्हणून नव्हे, तर आधीचे तिथं जात होते म्हणून पुढचे तिथं जात होते.

जात तीच, बियाणं तेच, पाणी तेच. तरी त्या खडकाचं काहीतरी कायमचं गेलं. ते कुठल्याही थंड खोलीत ठेवता आलं नसतं, कारण ते एका माशात नव्हतंच. ते तिथं राहणाऱ्या माशांच्या एकमेकांत होतं.

मला आमच्याकडची गावरान ज्वारी आठवली. तिचे नमुने गोळा करण्यात माझाही हात होता; ते लेबल लावून, पाकिटात भरून नीट ठेवलेले आहेत आणि तसेच राहोत. पण खळ्यावर कणसांच्या ढिगातून कुठलं कणीस बियाण्याला काढायचं, ते आढ्याला कसं टांगायचं, कुठल्या रानात कुठल्या नक्षत्रावर टाकायचं, हे ज्या बायांना ठाऊक होतं त्यांच्या घरात आम्ही पिशवीतलं बियाणं नेलं. उत्पन्न वाढलं. त्याबद्दल माझं दुमत नाही. संकरित वाणांनी या भागात पोटाला अन्न दिलं आणि हातात पैसा दिला. पण पाकिटातल्या त्या ज्वारीला आम्ही जतन झालेली म्हणत होतो. आता मी तसं म्हणत नाही. अर्धी जतन झाली, एवढंच म्हणतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. माशावरून मी माणसाचे नियम काढत नाही. नवरा गेल्यावर शेत, कर्ज आणि पोरं एकटीनं सांभाळणाऱ्या बाया आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत; त्यांचं कर्तृत्व समजून घ्यायला मासा लागत नाही. पण 'तो तसाच निघणार, घराणंच तसलं' हे वाक्य माझ्या तोंडून आता निघत नाही.

माझं मत जिथं सगळ्यात जास्त उलटलं, ते समुद्राच्या बाबतीत. मोठे मासे काढले तरी लहान मोठे होतील, बियाणं तर उरलंच आहे, असा माझा सरळ हिशोब होता. रॅसच्या कुळात हा हिशोब चालत नाही. मोठा तो बहुधा नर असतो आणि गळाला, भाल्याला, जिवंत माशांच्या व्यापाऱ्याला मोठाच हवा असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा शीपहेड याच कुळातला. काही दशकांत, जिथं मासेमारीचा दाब जास्त, तिथं त्याच्या माद्या लहान असतानाच नर होऊ लागल्या, हे संशोधकांनी जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवून दाखवलं. नर कमी पडला की मादी घाईनं नर होते. मग जी अजून काही हंगाम अंडी घालणार होती ती घालत नाही. मासा उरलेला दिसतो, पण त्याचं घर आतून पोकळ होत जातं. आपल्या लक्षद्वीपच्या पाण्यातला नेपोलियन रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो, कपाळाला टेंगूळ येतं, जाड ओठ असतात. हाँगकाँगसारख्या शहरांत तो जिवंत विकला जात होता. २००४ साली त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली, ती उगाच नव्हेत.

मालवणच्या चंद्रकोरी माशाला भाला किंवा गळ फारसा भेटत नाही. त्याच्यावरची संकटं वेगळी आहेत. खडकावर टाकलेला नांगर प्रवाळाचा गोळा उपटून काढतो. फोटोसाठी पर्यटक प्रवाळावर उभा राहतो. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. मालवणला ते झालेलं आहे. आणि ब्रेड. ब्रेडचं मला आधी हसू येईल इतकं क्षुल्लक वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या निळ्या नराचं सगळं दिवसभराचं काम म्हणजे कोण कुठं आहे ते राखणं. रोज अनेक होड्यांतून वरून अन्न पडू लागलं की कोण कुठं याला अर्थ राहत नाही, आणि या माशांत तर कोण कुठं यावरच कोण काय होणार ते ठरतं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. मच्छीमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला आहे, आणि जालन्यात बसून मी त्यांची बाजू घेत आलो. ती बाजू मी आजही पूर्ण सोडलेली नाही. रापण ओढणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय समुद्रावर रेघ ओढली तर ती कागदावरच राहते. कुठल्या खडकाशी काय आणि कधी असतं, ही तिथली दुसरी विद्या आहे आणि तीही थंड खोलीत ठेवता येत नाही. पण जागा राखायचीच कशाला, बियाणं ठेवा की, हे माझं जुनं म्हणणं मी मागं घेतो. जागा राखल्याशिवाय हा मासा राखला जात नाही. नांगराऐवजी होड्या बांधायला पक्के तरंगते बोये, प्रवाळावर पाय ठेवणाऱ्याला आणि ब्रेड टाकणाऱ्याला जागच्या जागी मज्जाव, आणि हे सगळं होडीवाल्यांच्याच हातात, एवढं तर अभयारण्याच्या वादाची वाट न बघता करता येतं.

पुतणी म्हणते, एवढ्यानं भागणार नाही. चंद्रकोरी माशाची अंडी पाण्यात तरंगत जातात, पिल्लं किती तरी दिवस उघड्या समुद्रात वाहत राहतात आणि मग कुठल्यातरी खडकावर उतरतात. मालवणच्या खडकावर दिसणारा मासा मालवणचाच असेल असं नाही. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर, पाण्याखाली बुडालेलं अंग्रिया बँकचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथं पाणी नितळ आणि प्रवाळ दाट. मालवणची पिल्लं तिथून येत असतील का, आणि तसं असेल तर किनाऱ्यावरचे ३.१८ चौरस किलोमीटर राखून आपण नेमकं काय राखतो, हे तिनं मला विचारलं आहे. मी सध्या अरबी समुद्रातल्या प्रवाहांचे नकाशे बघतो आहे. पावसाळ्यात प्रवाह किनाऱ्यालगत दक्षिणेला वाहतात, हिवाळ्यात उलटे. अंडी कुठल्या महिन्यात पडतात ते आधी कळायला हवं.